मौलाना आझादांची मोहोरबंद पाने
मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या 'इंडिया विन्स फ्रीडम' या आत्मकथनाची चर्चा बहुधा त्यातील मोहोरबंद पानांभोवतीच फिरते. मौलाना उर्दूत बोलत, हुमायून कबीर टिपणे घेत व त्यांवरून इंग्रजी मसुदा करीत. मौलाना तो वाचून दुरुस्त करीत. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलाना निवर्तले. १९५९ मध्ये ग्रंथ निघाला. वगळलेली सुमारे ३० पाने कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार येथे तीस वर्षांसाठी मोहोरबंद ठेवण्यात आली. १९८८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन ठिकाणी प्रती आणि ठरावीक मुदत, ही दक्षता अनुकरणीयच आहे.

परंतु मोहोरेखाली राहिला तो इंग्रजी मसुदा. अहमदनगरच्या किल्ल्यातील कैदेत मौलानांनी स्वतः उर्दूत लिहिलेले 'गुबार-ए-खातिर' शेजारी ठेवले की उणीव जाणवते. तेथे ते चहात, चिमण्यांत रमतात, शेरांनी वाक्य तोलतात. येथे मात्र सरळ, सपाट निवेदन आहे. साहजिकच पं. नेहरू वा सरदार पटेल यांच्याविषयीचा एखादा कठोर शब्द मौलानांचा किती आणि इंग्रजी मसुद्याचा किती, हे केवळ छापील ग्रंथावरून ठरत नाही.

महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील निवृत्त नेत्यांचे कागद स्वीकारताना म्हणूनच स्वच्छ प्रतीवर समाधान मानू नये. मूळ भाषेतील टिपणे, ध्वनिफिती आणि खाडाखोडीसह मसुदे आधी मागावेत.