उपकाराचें वाङ्मय

अपंगांविषयीं लिहिलेलें वाङ्मय आणि अपंगांनीं लिहिलेलें वाङ्मय यांतील भेद लेखकाच्या देहावरून ठरतो, अशी एक समजूत आमच्याकडील टीकाकारांत रूढ झाली आहे. लेखक स्वतः अंध, पंगु अथवा बहिरा असला म्हणजे त्याचें लेखन अनुभवाचें, आणि तसा नसला म्हणजे तें सहानुभूतीचें, अशी ही सोयीची वांटणी आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. कोणत्याही ग्रंथाचें परीक्षण करतांना तो कोणी लिहिला या प्रश्नाइतकाच तो कोणाला उद्देशून लिहिला हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आणि ज्याच्या पैशावर लेखकाचें जेवणखाण, निजणें-उठणें अवलंबून आहे, तो मनुष्य त्या ग्रंथाचा पहिला वाचक झाल्यावांचून राहात नाहीं. राजाश्रयाच्या काळांतील कवींविषयीं हें आपण सहज मान्य करतों. सॅम्युएल जॉन्सननें १७५५ सालीं लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेलें पत्र आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों आहों, तें आश्रयदात्याच्या दारांत तिष्ठत राहण्यास दिलेला नकार म्हणूनच. (त्याच जॉन्सननें १७६२ सालीं राजाकडून सालिना ३०० पौंडांचें वेतन स्वीकारलें, ही गोष्ट वर्गांत सांगतांना अध्यापक जरा घाईनें पुढें जातात.) अपंगांच्या वाङ्मयाला मात्र हीच कसोटी लावण्याचें धैर्य आपणांस होत नाहीं. दया आड येते.

हेलन केलरचें उदाहरण घ्या. तिचें १९०३ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र शाळांच्या बक्षीससमारंभांत वांटलें जातें, आणि तें त्या मानाला पात्रही आहे. परंतु त्याच लेखिकेचें 'आउट ऑफ द डार्क' हें १९१३ सालचें पुस्तक किती जणांनीं पाहिलें असेल? त्यांत तिनें अंधत्वाचीं कारणें कारखान्यांतील धोक्यांत आणि दारिद्र्यांत शोधलीं आहेत. पहिल्या पुस्तकाची लोकप्रियता त्याच्या वांट्याला कधींच आली नाहीं. योगायोग असा, कीं पूर्वीं नाकारलेलें कार्नेजीचें वार्षिक वेतन तिला त्याच वर्षीं पत्करावें लागलें. पुढें १९२४ पासून 'अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड' या संस्थेसाठीं निधि गोळा करीत ती देशभर हिंडली. निधि गोळा करणाऱ्या बाईकडून लोकांस पहिलें पुस्तक हवें होतें; दुसरें नको होतें.

पण या प्रश्नाचें सर्वांत उद्बोधक प्रकरण घडलें तें इंग्लंडांत, हॅम्पशायर परगण्यांत. लेनर्ड चेशायर हा विमानदलांतील नामांकित अधिकारी. महायुद्ध संपल्यावर १९४८ सालीं त्यानें 'ल कोर्ट' या आपल्या प्रशस्त घरीं एका मरणोन्मुख रुग्णाला आश्रय दिला. त्यांतून चेशायर-गृहांची परंपरा निर्माण झाली व तिच्या शाखा मुंबईपर्यंत पोंचल्या. चेशायरच्या सद्हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या घरांत मनुष्य जन्मभर पाहुणा म्हणून राहतो, त्या घरांत दिवे केव्हां मालवावयाचे हें यजमानच ठरवितो. ल कोर्टमधील रहिवासी प्रौढ होते, बुद्धिमान होते, मतदानाचा अधिकार असलेले नागरिक होते. आणि त्यांना झगडावें लागलें तें रात्रीं निजावयाचें केव्हां हें आपलें आपण ठरवितां यावें एवढ्यासाठीं!

पॉल हंट हा त्यांपैकींच एक. स्नायु झिजत जाण्याच्या विकारामुळें तो चाकाच्या खुर्चीवर वावरत असे. त्यानें वर्तमानपत्रांतून आवाहन करून अपंगांचे लेख मागविले आणि निवडक बारा लेखांचा 'स्टिग्मा' हा संग्रह १९६६ सालीं प्रसिद्ध केला. 'स्टिग्मा' म्हणजे डाग, कलंक. प्रस्तावनेंतच त्यानें भावविवश आत्मचरित्रांकडे पाठ फिरविली आहे. धैर्याचा पुतळा म्हणून मिरविलें जाण्याचा आणि लोकांची करुणा जागी करून निधि जमविण्याचें साधन होण्याचा आम्हांस कंटाळा आला आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ही केवळ तक्रार नव्हे; ती वाङ्मयप्रकाराविरुद्धची तक्रार आहे. दात्याला उद्देशून न लिहितां अपंगाला लिहितां येतें कीं नाहीं, याचाच तो प्रयोग होता. हंटचा स्वतःचा लेख या संग्रहांत सर्वांत सरस आहे. समाज अपंगाला दुर्दैवी, निरुपयोगी, वेगळा, दडपलेला आणि आजारी अशा पांच रूपांत पाहतो असें मांडून तो एकेक रूप शांतपणें उलगडून दाखवितो. त्यांतही 'निरुपयोगी' या शब्दाचा विचार आम्हांस विशेष मोलाचा वाटला. कारण तेथें तो आपणही कामाचे आहों असें सिद्ध करण्याच्या मोहांत पडत नाहीं. मनुष्याची किंमत त्याच्या कामावरून करणें हेंच त्याला मान्य नाहीं. आमच्याकडील बहुतेक लेखक याच ठिकाणीं घसरतात.

याच ल कोर्टविषयींचें दुसरें पुस्तक 'अ लाइफ अपार्ट' हें १९७२ सालीं निघालें. रहिवाशांनीं आपल्या कारभारांत आपणांस अधिक सत्ता मिळावी यासाठीं साहाय्य होईल या आशेनें समाजशास्त्रज्ञांस पाचारण केलें होतें. टॅव्हिस्टॉक संस्थेचे मिलर व ग्विन हे दोघे आले आणि त्यांनीं चेशायर-गृहें व तत्सम इतर संस्था पाहून हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत संस्थांचे दोन नमुने वर्णिले आहेत. एक वखारीचा: माल आला, तो शाबूत राहावा एवढीच जबाबदारी. दुसरा बागेचा: रोपाला खतपाणी घालून त्याची जेवढी वाढ होईल तेवढी करावी. या दोन उपमा पुढें समाजसेवेच्या पाठ्यपुस्तकांत घर करून राहिल्या. उपमा म्हणून त्या समर्पक आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांचें साम्य पाहा. वखारींतल्या पोत्याप्रमाणें बागेंतल्या रोपालाही माळी नेमण्याचा वा काढून टाकण्याचा अधिकार नसतो. ग्रंथकर्त्यांची दृष्टि किती उदार होती आणि कोठें येऊन थांबली, हें या एका गोष्टीवरून कळतें. अशा संस्थेंत प्रवेश करणारा मनुष्य समाजाच्या दृष्टीनें मेलेलाच असतो, आणि त्या मरणापासून शरीराच्या मरणापर्यंतचा प्रवास सुसह्य करणें हें संस्थेचें कार्य होय, असा निष्कर्षही त्यांनीं काढला आहे. लिहितांना आपलें मन किती व्यथित झालें हेंही ते सांगतात. त्यांचा प्रामाणिकपणा निःसंशय आहे.

हंटनें या ग्रंथाला दिलेलें उत्तर त्याच्या मृत्यूनंतर १९८१ सालीं छापून आलें. त्यांत त्यानें या पंडितांना बांडगुळें म्हटलें आहे. ल कोर्टच्या रहिवाशांनीं ज्यांना मदतीला बोलावलें त्यांनीं तटस्थतेच्या नांवाखालीं दडपणाऱ्यांची बाजू घेतली, असा त्याचा आरोप. शैलीच्या दृष्टीनें हा लेख १९६६ च्या लेखाची सर गांठूं शकत नाहीं. संताप वाक्यांवर स्वार झाला आहे, आणि प्रतिपक्षाच्या प्रामाणिकपणाला तो तिळमात्र वाव देत नाहीं. तरी त्यांतील मुख्य मुद्दा अभेद्य आहे. संस्था चांगली कीं वाईट याची चर्चा मिलर व ग्विन यांनीं केली. संस्था हवीच कशाला हा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. तीव्र अपंगत्व असलेलीं माणसें आपापल्या घरीं मदतनिसांच्या साहाय्यानें राहूं शकतात, हें स्वीडनमध्यें त्या काळींच दिसूं लागलें होतें.

आणि या वादाचा निकाल ग्रंथांत लागला नाहीं, तो जमाखर्चाच्या वहींत लागला. ल कोर्टमधील प्रत्येक रहिवाशापाठीमागें स्थानिक सरकार संस्थेला पैसे भरीत असे. १९७९ च्या सुमारास कांहीं रहिवाशांनीं साधा हिशेब मांडला: आमच्या खाटेची जी किंमत तुम्ही संस्थेला देतां, तीच आम्हांस द्या, त्यांतून आम्ही आपलें बिऱ्हाड करूं आणि आपले मदतनीस आपण नेमूं. १९८१ हें संयुक्त राष्ट्रांनीं अपंगांसाठीं घोषित केलेलें वर्ष, म्हणून या खटपटीला त्यांनीं 'प्रोजेक्ट ८१' असें नांव दिलें. १९४८ च्या कायद्याप्रमाणें व्यक्तीच्या हातीं रोख रक्कम देण्याची सोय नव्हती. तेव्हां पैसे संस्थेच्याच द्वारें फिरवून देण्याची युक्ति निघाली, आणि थोड्याच वर्षांत पहिले रहिवासी बाहेर पडले. शेवटीं रोपानें माळी नेमला! व्यक्तीला थेट रक्कम देण्यास पार्लमेंटनें कायद्यानें परवानगी दिली ती १९९६ सालीं.

यानंतरचा इतिहास मात्र सरळ वर चढत गेलेला नाहीं. १९८८ सालीं तेथील सरकारनें स्वतंत्रपणें राहूं इच्छिणाऱ्या तीव्र अपंगांसाठीं 'इंडिपेंडंट लिव्हिंग फंड' काढला. थोडेच अर्जदार येतील अशी अपेक्षा होती. १९९३ पर्यंत लाभार्थी २०,००० च्या वर गेले. हा निधि बंद करण्याचा सरकारचा निर्णय अपील न्यायालयानें २०१३ सालीं अवैध ठरविला. सरकारनें पुढल्याच वर्षीं तोच निर्णय पुन्हां घेतला, आणि ३० जून २०१५ रोजीं फंड बंद झाला. जबाबदारी स्थानिक सरकारांकडे गेली. स्कॉटलंडनें तेवढा आपला वेगळा फंड उभारला.

आतां मराठीकडे वळूं. नसीमा हुरजूक यांचें 'चाकाची खुर्ची' हें आत्मकथन आमच्या वाचकांस परिचित आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर अपंगत्व आलेल्या या बाईंनीं केंद्रीय अबकारी खात्यांत नोकरी केली आणि १९८४ सालीं कोल्हापुरास 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापिली. त्यांच्या पुस्तकांत दोन पुस्तकें एकमेकांत गुंतलीं आहेत: एक एका स्त्रीच्या आयुष्याचें, दुसरें एका संस्थेच्या उभारणीचें. दुसऱ्यांत साहाय्यकर्त्यांचे उपकार मानणें ओघानेंच येतें, कारण संस्था उद्यांही चालावयाची असते. त्याबद्दल लेखिकेला दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. तरी पहिलें पुस्तक आम्हांस अधिक जवळचें वाटतें, आणि त्याचें कारण आम्ही त्या नोकरींत पाहतों. दरमहा स्वतःचें वेतन घेणारी स्त्री आपल्या आयुष्याची हकीगत सांगतांना कोणाच्या तोंडाकडे पाहात नाहीं. (आमच्या भाषेंत अशा मनुष्याला 'स्वतःच्या पायावर उभा' म्हणतात. या वाक्प्रचाराचा पुनर्विचार कोणी तरी करावयास हवा.)

अशीं पुस्तकें थोडीं; वार्षिक अहवाल मात्र अगणित. सेवाभावी संस्थांच्या अहवालाची रचना आतां एखाद्या महाकाव्याइतकी ठरून गेली आहे: आरंभीं प्रमुख पाहुण्यांचें छायाचित्र, मध्यें तीनचाकी सायकल स्वीकारणारा हंसतमुख मुलगा, शेवटीं रकमांसह देणगीदारांची यादी. त्या मुलाचें त्या सायकलीविषयीं मत काय, तिचें चाक त्याच्या गल्लींतील चिखलांत फिरतें कीं नाहीं, हें आम्हीं कोणत्याही अहवालांत वाचलेलें नाहीं. अपंगांचें नांव 'दिव्यांग' असें झाल्यानें यांत फरक पडलेला नाहीं. दिव्य पुरुषालाही जिना चढावयाचा असतो.

वाङ्मयाचा हा प्रश्न कायद्याच्या भाषेशीं येऊन भिडतो. संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याचें १९ वें कलम अपंगांना समाजांत राहण्याचा आणि कोठें व कोणाबरोबर राहावयाचें हें निवडण्याचा हक्क देतें. भारतानें त्याला २००७ सालीं मान्यता दिली, आणि २०१६ च्या कायद्याच्या ५ व्या कलमांत तो हक्क उतरला. घरपोंच साहाय्य, वैयक्तिक मदतनीस यांचा उल्लेखही तेथें आहे. परंतु हक्काचें वाक्य संपून सरकारचें कर्तव्य सुरू होतांच क्रियापद मवाळ होतें: सरकार तसा प्रयत्न करील, एवढेंच. २४ वें कलम सामाजिक सुरक्षिततेच्या योजना सांगतें, त्या सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत. २०११ च्या शिरगणतींत देशांत २ कोटि ६८ लक्ष अपंग मोजले गेले. दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठीं केंद्राचें जें निवृत्तिवेतन आहे, तें २०१२ सालीं दरमहा २०० रुपयांवरून ३०० रुपये झालें. राज्यें त्यांत आपली भर घालतात. केंद्राच्या ३०० रुपयांत मदतनीस किती दिवस ठेवतां येतो, हा हिशेब वाचकांनींच करावा. मात्र त्या २४ व्या कलमांत योजनांची जी यादी आहे, तींत अधिक साहाय्याची गरज असलेल्या व्यक्तीस मदतनिसासाठीं भत्ता द्यावा असें स्पष्ट शब्दांत म्हटलें आहे. तो संस्थेस नव्हे, त्या व्यक्तीस द्यावयाचा आहे. यादींत त्याचा क्रमांक शेवटाजवळ लागतो.