‘अँड पार्टी’ म्हणजे नेमकं कोण?

उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची जुनी एलपी हातात आली, तर आधी वेष्टण वाचा. बऱ्याच ठिकाणी ‘बिस्मिल्ला खाँ अँड पार्टी’ असं छापलेलं दिसेल. सनईवादकाच्या घडणीवर संशोधन करायचं असेल तर माझ्या मते सुरुवात त्या ‘पार्टी’पासून करायला हवी. चरित्रं तसं करत नाहीत, आणि माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

चरित्राचा साचा तुम्हाला पाठ असेल. १९१६ साली डुमरावला जन्म, मामा अली बक्ष ‘विलायतू’ यांच्याकडे शिक्षण, १९३७ची कलकत्त्याची संगीत परिषद, १९४७चा लाल किल्ला, २००१चं भारतरत्न. सगळं खरंच आहे. पण ‘मामांकडे शिकले’ आणि ‘कलकत्त्यात गाजले’ यांच्यामधली वर्षं एका स्वल्पविरामात उरकतात.

आता पार्टीकडे बघा. एक जण मुख्य सनई वाजवतो, कोणी साथीची सनई धरतो, कोणी तालाला असतो आणि एक जण फक्त ‘सूर’ धरून बसतो. हा सूर तुटता कामा नये. म्हणून गालात हवा साठवून ती सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा. नवशिक्या बहुधा इथेच बसतो. तासन्‌तास एकच स्वर फुंकताना त्याचा दम, ओठ आणि पत्तीची जाण तयार होते, आणि शेजारी राग कसा उलगडतो हे कानावर पडत राहतं. पुढे तो साथीला येतो. वर्ग हाच आणि उमेदवारीही हीच, कारण लग्नाची किंवा देवळाची सुपारी घेऊनच हे बसणं असतं.

सनईची युरोपातली नातलग म्हणजे ओबो, तीही दुहेरी पत्तीची. पण तिच्या विद्यार्थ्यांचा माग कागदावर सापडतो. पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी १७९५ची, तिथल्या परीक्षांचे निकाल उपलब्ध आहेत. आपल्याकडे गुरव, घडशी, होलार अशा समाजांतल्या वाजवणाऱ्यांची नोंद झालीच तर ‘वाजंत्री’ म्हणून, नावाशिवाय. मग संशोधक आख्यायिकांवर भागवतो. मीही पहिल्या मसुद्यात गंगाकाठच्या रियाजावर दोन पानं खर्ची घातली होती, सूर धरणाऱ्यावर एक ओळही नव्हती.

नाशिकमधल्या कुठल्याही मंगल कार्यालयात लग्नसराईत जाऊन बसा. सनई ऐकू येते ती बहुतेकदा स्पीकरमधून. ध्वनिफितीने मुख्य वादकाचं काम घेतलं असं आपण म्हणतो, पण त्याआधी तिने सूर धरणाऱ्या पोराची जागा घेतली आणि शिकण्याची पहिली पायरीच गेली. थोरांचं नाव मागे उरलं, पोराचं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा ‘गुरू कोण?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. सूर किती वर्षं धरला, पत्ती कोण बनवून द्यायचं आणि सुपारीतला वाटा किती मिळायचा, हे आधी विचारा.