‘हॅगरिझम’ वाचायचं, पण कसं?

इस्लामच्या उगमावर प्रपोजल लिहायला घेतलंत की कुणीतरी तुम्हाला ‘हॅगरिझम’ वाचायला सांगणारच. पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक यांचं १९७७चं पुस्तक. मजकूर थोडा, टिपा भरमसाट. जरूर वाचा, पण त्यातला प्रश्न आणि उत्तर वेगवेगळे काढून ठेवा.

प्रश्न जबरदस्त आहे. मुहंमद पैगंबरांचं निधन ६३२ मध्ये झालं. त्यांचं प्रसिद्ध चरित्र लिहिणारे इब्न इस्हाक ७६७च्या सुमारास वारले, आणि ते चरित्रही आपल्याला मुख्यतः इब्न हिशाम यांनी काटछाट केलेल्या रूपात मिळतं. मग ही परंपरा बाजूला ठेवून त्याच शतकातल्या ग्रीक, सिरियाक, आर्मेनियन लेखकांना विचारलं तर? हे धाडस तोवर इतक्या थेटपणे कुणी केलं नव्हतं.

उत्तरात मात्र गडबड आहे. लेखकांच्या मते ही चळवळ मुळात जेरुसलेम जिंकू पाहणारी, ज्यूंना सोबत घेतलेली, मसीहाची वाट बघणारी होती. कुराण बरंच नंतर संकलित झालं. त्यांचा एक मोठा आधार म्हणजे ‘डॉक्ट्रिना याकोबी’ हा ग्रीक ग्रंथ. त्यातला प्रसंग ६३४चा, आणि त्यात अरबांमध्ये एक पैगंबर अवतरल्याची बातमी येते. पण तो लिहिलाय कशासाठी? जबरदस्तीने बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंना ख्रिस्ती धर्मच कसा खरा, हे पटवायला! म्हणजे मुस्लिम लेखक हेतू ठेवून लिहितात म्हणून बाद, आणि ख्रिस्ती लेखक तेच करतात तरी साक्षीदार. व्हायवात पहिला प्रश्न यावरच येईल. या ग्रंथातून पैगंबर होते याला बाहेरचा दुजोरा मिळतो, आणि तो मोलाचा आहे. त्यावर अख्ख्या चळवळीचा इतिहास उभा राहत नाही.

आता हस्तलिखितांकडे या. बर्मिंगहॅमच्या कुराणाच्या पानांची कार्बन तारीख ५६८ ते ६४५ आली (२०१५ मध्ये केवढा गाजावाजा झाला होता). ही तारीख चामड्याची, शाईची नव्हे, हे विसरू नका. तरी उशिराच्या संकलनाची थिअरी यामुळे अडचणीत येतेच. सनाच्या मशिदीत १९७२ मध्ये सापडलेल्या पानांची गोष्ट आणखी मजेदार आहे. तिथे जुना मजकूर पुसून त्यावर पुन्हा कुराणच लिहिलंय, आणि खालच्या मजकुरात शब्द वेगळे, सूरांचा क्रमही वेगळा. ‘बघा, एकही अक्षर बदललं नाही’ म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. पण इब्न मसऊद, उबय्य अशा सहकाऱ्यांच्या प्रतींत पाठभेद होते, हे मुस्लिम परंपरेनेच नोंदवून ठेवलंय. जिला क्रोन-कुक यांनी दाराबाहेर ठेवलं, तिच्याच दप्तरात ही नोंद होती.

व्हॉट्सॲपवर हे पुस्तक न वाचताच एकमेकांवर फेकलं जातं. त्यांना हे कुणी सांगत नाही की दोन्ही लेखक पुढे या मांडणीपासून दूर गेले, आणि मुहंमद ही ऐतिहासिक व्यक्ती होती हे क्रोन यांनी स्वतः स्पष्ट लिहिलं.

‘हॅगरिझम’ संपल्यावर लगेच रॉबर्ट हॉयलंड यांचं १९९७चं ‘सीइंग इस्लाम अ‍ॅज अदर्स सॉ इट’ घ्या. साक्षीदार बरेचसे तेच आहेत, फक्त इथे प्रत्येकाची उलटतपासणी होते. जाडजूड आहे, पण लागेल तेवढंच उघडलं तरी चालतं.