सोळा वाटा, एकच कान

वायरलेस सेन्सर जाळ्यांच्या संशोधनात बरीच वर्षं एक हिशेब गृहीत धरला गेला: चॅनल वाढले की वेग वाढतो. तो मोह समजण्यासारखा आहे. २००३च्या ८०२.१५.४ मानकाने २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १६ चॅनल दिले आणि जाळी मात्र एकाच चॅनलवर दाटीवाटीने बोलत राहिली. २००६मध्ये एमएमएसएन या पद्धतीने शेजारच्या नोडना, म्हणजे जाळ्यातल्या सेन्सर उपकरणांना, वेगवेगळे चॅनल वाटून दिले. सिम्युलेशनमध्ये ते देखणं दिसलं. २००८मध्ये टीएमसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या संशोधकांनी खऱ्या उपकरणांवर मोजलं, तेव्हा लगतचे चॅनल एकमेकांत झिरपतात आणि खरोखर स्वतंत्र असे थोडेच उरतात, हे उघड झालं. म्हणून त्यांनी नोडऐवजी जाळ्याच्या एकेका शाखेला एक चॅनल दिला. मला ही माघार शहाणपणाची वाटते.

शिवाय सगळी माहिती अखेर जमा होते ती एका संकलक नोडपाशी, आणि त्याला बहुधा एकच रेडिओ असतो. शंभर नोडनी एकेक पॅकेट पाठवलं तर शंभर वेळखाचे (टाइम स्लॉट) लागणारच, चॅनल कितीही असोत. टक्कर टळेल, पण तो एकच कान दोन होणार नाही.

बहुचॅनलची खरी कमाई भरवशाची आहे. भिंतीवरून, यंत्रांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना खोडतात. चार-पाच सेंटिमीटर नोड सरकवला तरी मेलेला दुवा जिवंत होतो, आणि नोड न हलवता नुसता चॅनल बदलला तरी तेच घडतं. २००७च्या वायरलेसहार्ट मानकाने आणि २०१२मध्ये ८०२.१५.४ मानकात आलेल्या टीएससीएच पद्धतीने हेच हेरलं: दर खेपेला चॅनल बदला, वाय-फायने एक अडवला तर पुढची खेप दुसऱ्यावर.

बोलणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी एकाच चॅनलवर हवेत, म्हणून याची किंमत घड्याळात मोजावी लागते. वेळखाचा साधारण १० मिलिसेकंदांचा. दोन नोडच्या घड्याळांतल्या स्फटिकांत ४० पीपीएम (दशलक्षात ४०) फरक असेल तर २५ सेकंदांत एक मिलिसेकंदाची चूक साचते. म्हणून ऐकणारा नोड पॅकेट अपेक्षित असतं त्याच्या मिलिसेकंदभर आधीच जागा होतो आणि चाहूल घेत थांबतो. हे थांबणं महाग आहे. या क्षेत्रात सर्रास वापरल्या गेलेल्या सीसी२४२० चिपला पूर्ण ताकदीने बोलायला १७.४ मिलिअँपिअर लागतात, ऐकायला १८.८. वेगाचे आलेख छापणाऱ्या कितीतरी निबंधांत हा ऐकण्याचा खर्च तळटीपेत जातो, याची खंत वाटते.

हे वेळखाचे नोडना वाटायचे कुणी, यावर २०१५च्या ऑर्केस्ट्रा या पद्धतीचं उत्तर मला सर्वांत आवडतं. प्रत्येक नोड शेजाऱ्याच्या पत्त्यावरून आणि मार्गाच्या माहितीवरून आपलं वेळापत्रक स्वतःच ठरवतो. वाटाघाटीचा एकही निरोप लागत नाही. मात्र रहदारी एकदम वाढली की हे वेळापत्रक तोकडं पडतं.

नवा नोड जाळ्यात येतो तेव्हाची अडचण याहून जुनी आहे. त्याला ना वेळ ठाऊक, ना चॅनल. तो एका चॅनलवर रेडिओ चालू ठेवून बसतो आणि जाळ्याची हाक सोळांतून फिरत फिरत त्याच्यापर्यंत येईतो बॅटरी जळत राहते.