टपालाच्या आज्ञावलीने राहावे कुठे?

गुरुकुंज मोझरीच्या पोस्टात पत्र टाकणाऱ्याला पेटी कुठे आहे एवढे ठाऊक असले की पुरते. आत छाटणी कोणत्या टेबलावर होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ई-मेल पोचवणाऱ्या आज्ञावलीच्या फायली लिनक्समध्ये कुठे ठेवाव्यात, हा वाद आम्हाला याच भेदापाशी अडलेला दिसतो.

एरिक ऑलमन यांची 'सेंडमेल' १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्सबरोबर आली. तेव्हा तिचा मुक्काम 'यूएसआर'खालच्या 'लिब'मध्ये होता. पुढे ती 'एसबिन'मध्ये गेली. पण जुना पत्ता तोवर असंख्य आज्ञावल्यांत लिहिला गेला होता. म्हणून फायलींच्या मांडणीचे प्रमाणक (१९९४ मध्ये ते वेगळ्या नावाने सुरू झाले) सांगते की, जुन्या जागी नव्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा ठेवा. हे शहाणपणाचेच आहे. आज आत 'पोस्टफिक्स' असो वा 'एक्झिम', बाहेरच्या पेटीवर नाव 'सेंडमेल'च असते.

डॅनियल बर्नस्टाईन यांनी मात्र 'क्यूमेल'चा सारा संसार, म्हणजे आज्ञावल्या, नियमांच्या फायली आणि वाटेतली पत्रेसुद्धा, 'व्हार'खाली एकाच घरात मांडला. प्रत्येक यंत्रावर पत्ता एकच असावा, हा त्यांचा आग्रह. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सूचना एकदाच लिहाव्या लागतात. पण 'व्हार' ही बदलत्या गोष्टींची जागा. 'यूएसआर' अशी असावी की ती फक्त वाचण्यापुरती जोडता यावी आणि प्रयोगशाळेतल्या दहा यंत्रांना मिळून एकच पुरावी. आज्ञावली 'व्हार'मध्ये गेली की ही सोय संपते. शिवाय बदललेली प्रत वाटायला परवानगी नव्हती. ती अट २००७ मध्ये क्यूमेल सार्वजनिक मालकीची झाली तेव्हा सुटली. तोवर वितरकांना ती हलवताही येईना आणि आहे तशी घेणेही पटेना. चांगल्या आज्ञावलीचे यात नुकसान झाले, असे आमचे मत आहे.

पोस्टफिक्सच्या आतल्या मदतनीस आज्ञावल्या रेड हॅट 'लिबएक्झेक'मध्ये ठेवते, डेबियन 'लिब'मध्ये. प्रमाणकाने २०१५ च्या आवृत्तीत 'लिबएक्झेक'ला मान्यता दिली. याबद्दल आमची तक्रार नाही. ती छाटणीची टेबले आहेत. तक्रार आहे ती एका वितरणाचा आतला पत्ता सर्वांचा म्हणून छापणाऱ्या मार्गदर्शिकांविषयी. शिक्षक तो जसाच्या तसा टंकतो, यंत्र 'फाइल नाही' म्हणते, आणि दोष लिनक्सवर जातो. वास्तविक 'पोस्टकॉन्फ' या आज्ञेपुढे 'डीमन' आणि 'डिरेक्टरी' हे शब्द खालच्या रेघेने जोडून लिहिले, की पोस्टफिक्स स्वतःच आपली जागा सांगते.