टेंप रूलचं दीर्घायुष्य

विक्रोळी पश्चिमेला, लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका कचेरीत मी काही वर्षं नेटवर्कचं काम केलं. तिथल्या फायरवॉलमध्ये काय चाललंय हे जाणून घ्यायचं तर फायरवॉल उघडून उपयोग नसे, एक एक्सेल फाइल उघडावी लागे. तिचं नाव ‘रूल्स फायनल नवीन २ हीच वापरा’. रकाने सरळ होते : कुठून, कुठे, कोणता पोर्ट, परवानगी की मनाई, आणि शेवटी ‘रिमार्क्स’. या शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता ‘टेंप’. शनिवारी रात्री दोनच्या चेंज विंडोत काहीतरी अडतं, समोरचा वैतागून म्हणतो, ‘अरे, आत्ता उघडून दे ना, सोमवारी काढू.’ सोमवार उजाडतो, रूल तसाच राहतो. तीन वर्षांनी तो काढायची कुणाची छाती होत नाही, कारण काढला आणि काही बंद पडलं तर काढणाऱ्याचं नाव येणार. ठेवल्याबद्दल कुणाचंच नाव येत नाही.

ही फाइल फेकून द्या आणि नियम कोडमध्ये लिहा, असं आता सगळेच सांगतात. म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली, त्या गिटमध्ये, प्रत्येक बदल दुसऱ्याच्या नजरेखालून जाणार, यंत्र तपासणार, यंत्रच बसवणार. सल्ला चांगलाच आहे. पण कोडमध्ये आणायचं म्हणजे नेमकं काय आणायचं, याचं उत्तर हत्यारागणिक वेगळं मिळतं, आणि त्या उत्तरांत बरीच तफावत आहे.

मुळात फायरवॉलचा नियम ही चीज दिसते तितकी भाबडी नाही. विक्रोळी हे गोदरेजच्या कारखान्यांमुळे कुलपांचं गाव. कुलपाला किल्ली लागते किंवा लागत नाही. जुडग्यातली कोणती किल्ली आधी फिरवून पाहिली याने फरक पडत नाही. फायरवॉलमध्ये नेमका त्यानेच फरक पडतो. समजा तिसऱ्या ओळीत लिहिलंय की १०.२०.०.०/१६ या पट्ट्यातल्या सगळ्यांना डेटाबेसच्या १५२१ पोर्टवर जाऊ द्या. चाळिसाव्या ओळीत कुणीतरी काळजीने लिहिलंय की त्यातल्या १०.२०.५.०/२४ ला मात्र जाऊ देऊ नका. आयपीटेबल्समध्ये किंवा सिस्कोच्या ॲक्सेस लिस्टमध्ये वरून खाली वाचत पहिली जुळणारी ओळ निकाल देते. त्यामुळे चाळिसावी ओळ जन्मभर बेकार. ती दिसते, ऑडिटरला दाखवता येते, पण करत काहीच नाही. हीच यादी २००१ मध्ये ओपनबीएसडीत आलेल्या ‘पीएफ’मध्ये जशीच्या तशी उतरवली तर अर्थ उलटतो. तिथे ‘क्विक’ असं खास लिहिलं नसेल तर शेवटची जुळणारी ओळ जिंकते आणि चाळिसाव्या ओळीला एकदम जीव येतो. शिवाय सिस्कोच्या यादीखाली न लिहिलेली मनाई असते, तर आयपीटेबल्सच्या साखळीचं मूळ धोरण कुणी बदललं नसेल तर परवानगीचं असतं. ओळी त्याच, पण वाचणारा बदलला की कायदाही बदलतो.

म्हणून एक्सेलमधल्या ओळी उचलून यामल फाइलमध्ये टाकणं याला मी कोडमध्ये आणणं म्हणत नाही. ते नुसतं घर बदलणं झालं. फायरवॉलचा नियम म्हणजे खरं तर एक संच असतो, ही गोष्ट ज्यांनी मनावर घेतली त्यांनी या कलेत मोलाची भर घातली. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा हिशेब मांडू : पाठवणाऱ्याचा पत्ता ३२ बिट, घेणाऱ्याचा ३२, दोन पोर्ट १६-१६, प्रोटोकॉलचे ८. एकूण १०४ बिट. प्रत्येक पॅकेट हा या १०४ मितींच्या अवकाशातला एक बिंदू आणि प्रत्येक नियम ही त्यातली एक पेटी. दोन पेट्या एकमेकींत घुसल्या की ओळींचा क्रम महत्त्वाचा ठरतो. घुसल्या नाहीत तर वर-खाली कशाही लिहा. शक्य बिंदू २ चा १०४ वा घात इतके. एकेक पॅकेट पाठवून तपासू म्हणणाऱ्याला विश्वाचं वयही पुरणार नाही. पेट्यांचाच हिशेब मांडावा लागतो.

पेट्यांचा हा हिशेब ज्यांनी वळणावर आणला त्यांतला एक माणूस आमच्या शेजारचा. विक्रोळीच्या हायवेवरून निघालेला जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, दोन-तीन किलोमीटरवर पवईच्या आयआयटीच्या दारावरून जातो. जॉर्ज वर्गीस तिथलेच, १९८३ चे पदवीधर. १९९८ मध्ये त्यांनी श्रीनिवासन, सुरी आणि वाल्डफोगेल यांच्यासोबत पॅकेट कोणत्या नियमात बसतं हे झटपट शोधायच्या रचना मांडल्या. त्या काळी सवाल वेगाचा होता. राउटरमधली टीकॅम ही मेमरी एका फटक्यात सगळे नियम ताडून पाहते, पण ती महाग आणि वीज खाणारी, आणि तिला ‘१०२४ ते ६५५३५’ अशी भाषा कळत नाही. तिला दोनच्या घाताचे तुकडे करून द्यावे लागतात. या पट्ट्याचे सहा तुकडे होतात. ‘१ ते ६५५३४’ असं कुणी लिहिलं तर तीस. दोन्ही बाजूंच्या पोर्टांना तोच पट्टा दिला तर तिसा-तीस नऊशे. माणसाने एक ओळ लिहिली, यंत्रात नऊशे गेल्या. नियम कसा लिहायचा हा फक्त सौंदर्याचा प्रश्न नाही, हे या एका उदाहरणावरून मला पटलं.

पुढे २०१२ मध्ये वर्गीस, पेमान कझेमियन आणि निक मॅककेऑन यांनी ‘हेडर स्पेस ॲनालिसिस’ मांडलं आणि सवालच बदलला. आता वेगाऐवजी पोच. या यंत्रापासून त्या यंत्रापर्यंत कोणत्या प्रकारचं पॅकेट म्हणून पोचू शकतं? उत्तर एक पॅकेट नव्हे, पॅकेटांचा अख्खा संच. या विचाराला आधीची परंपराही होती. जोशुआ गटमन यांनी १९९७ मध्ये अख्ख्या जाळ्याचं धोरण एका जागी लिहून त्यातून एकेका राउटरचे नियम काढायची कल्पना मांडली. १९९९ मध्ये ‘फिर्माटो’ या हत्याराने भूमिकांची भाषा आणली. अविशाय वूल यांनी २००४ मध्ये ३७ खऱ्या फायरवॉल तपासून दाखवलं की नियमावली जितकी गुंतागुंतीची, तितक्या चुका जास्त. त्याच वर्षी गौडा आणि लिऊ यांनी यादी लिहूच नका, आधी निर्णयवृक्षासारखी आकृती काढा आणि ओळी तिच्यातून यंत्राला काढू द्या, असा उलटा मार्ग सुचवला. तो मार्ग मला आजही सगळ्यात सुंदर वाटतो. तो फारसा कुणी धरला नाही हेही खरं. लोकांना यादी आवडते. यादीत खाली एक ओळ जोडता येते.

यानंतर आलेल्या हत्यारांत ‘बॅटफिश’ला मी वरचं स्थान देतो. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते तुमच्या राउटर-फायरवॉलच्या खऱ्या कॉन्फिगरेशन फाइली वाचतं, त्यांचं गणिती रूप करतं आणि प्रश्न विचारू देतं. वरची चाळिसावी ओळ ते बोट ठेवून दाखवतं : ही कधीच लागू होणार नाही, हिला तिसऱ्या ओळीने झाकलंय. मायक्रोसॉफ्टमध्ये ‘सेकगुरू’ने झेडथ्री हा सॉल्व्हर वापरून हेच काम केलं. बदल यंत्रावर जाण्याआधीच त्याची सिद्धता मागायची.

सिद्धता म्हटलं की मला विक्रोळीचं फाटक आठवतं. २०२५ च्या जूनमध्ये उड्डाणपूल खुला झाला, त्याआधी वर्षानुवर्षं पूर्व-पश्चिम करणाऱ्यांनी त्या फाटकात आयुष्यातले तास घालवले. रिक्षा, टेंपो घुसलेले असत, गेटमनला फाटक पाडता येत नसे आणि लोकल बाहेर खोळंबत असे. शिव्या गेटमनला पडत. पण त्यामागे इंटरलॉकिंग होतं : फाटक पुरतं बंद होऊन अडकल्याशिवाय गाडीला सिग्नल पडणारच नाही. हा सूचनाफलकावरचा नियम नाही. यंत्राची घडणच अशी की नियम मोडणारी अवस्था तयारच होऊ नये. फायरवॉलच्या कोडकडून माझी अपेक्षा हीच आहे. ‘हे उघडा, ते बंद करा’ याच्या जोडीला ‘इंटरनेटवरून आलेलं काहीही पगाराच्या डेटाबेसपर्यंत पोचता कामा नये’ असं एक वाक्य फाइलीत असावं, आणि ते मोडणारा बदल पुढे सरकूच नये. बहुतेक कंपन्यांच्या रेपोमध्ये पहिल्या प्रकारच्या हजार ओळी असतात. दुसऱ्या प्रकारचं वाक्य एकही नसतं.

काही क्लाउडवाल्यांनी मात्र एक मजेशीर गोष्ट केली. क्रमाचा घोळ सोडवण्याऐवजी त्यांनी क्रमच काढून टाकला. ॲमेझॉनच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त परवानगी लिहिता येते, मनाई लिहायची सोयच नाही. कुबरनेटीसच्या नेटवर्क पॉलिसीतही तसंच. नुसत्या परवानग्यांची बेरीज असल्यामुळे कोणती ओळ आधी हा प्रश्नच उरत नाही. २०१४ मध्ये आलेल्या टेराफॉर्ममधून हे लिहिताना पत्त्यांऐवजी नावं येतात : ‘वेब गटाला डेटाबेस गटाकडे जाऊ द्या.’ वाचायला किती बरं वाटतं! किंमत एवढीच की ‘सगळे चालतील, हा एक सोडून’ हे साधं मराठी वाक्य सिक्युरिटी ग्रुपमध्ये लिहिता येत नाही. त्यासाठी वेगळ्या, क्रमांक घातलेल्या नेटवर्क एसीएलकडे जावं लागतं आणि मागच्या दाराने क्रम परत घरात येतो. आणि कुणी रात्री वेबच्या पडद्यावरून एक पोर्ट उघडला की फाइल एक सांगते आणि खरी भिंत दुसरंच.

आतल्या आतल्या वाहतुकीची तर आपल्याकडे फार काळ कुणी फिकीरच केली नाही. सगळं लक्ष वेशीवर. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा आपल्या खाडीपल्याडच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल थंडावलं होतं. तो प्रोग्राम एकदा आत शिरला की विंडोज यंत्रांमधल्या फाइल-वाटपाच्या ४४५ पोर्टवरूनही एका यंत्रातून दुसऱ्यात सरकत होता. एका लेखनिकाच्या संगणकाने दुसऱ्या लेखनिकाच्या संगणकाशी ४४५ वर बोलायची गरज सहसा नसते. पण ‘आतले सगळे आपलेच’ ही एक ओळ बहुतेक याद्यांत असतेच, आणि आमच्या भाषेत तिला ‘एनी-एनी’ म्हणतात.

आता माझी खरी तक्रार. या सगळ्या भाषांना कुठून, कुठे आणि काय हे उत्तम सांगता येतं. का आणि कधीपर्यंत हे विचारलं की बहुतेक जणी गप्प. कारण शेरा म्हणून कोपऱ्यात लिहायचं, आणि शेरा यंत्र वाचत नाही. याला माझ्या पाहण्यातला ठळक अपवाद गूगलच्या ‘कॅपिर्का’चा. पायथॉनमधलं हे जुनं हत्यार पत्त्यांची नावं वेगळ्या फाइलीत ठेवतं, धोरण वेगळ्या फाइलीत, आणि त्यातून सिस्को, जुनिपर, आयपीटेबल्स अशा ज्याच्या त्याच्या बोलीत नियम काढून देतं. पण त्याची खरी थोरवी दोन साध्या शब्दांत आहे : नियमाला ‘ओनर’ लिहिता येतो आणि ‘एक्स्पिरेशन’ही. तारीख उलटून गेलेला नियम पुढच्या वेळी यंत्रासाठी काढलाच जात नाही. टेंप रूल खरोखर टेंप होतो! दिसायला एवढी किरकोळ सोय, पण मला ती अख्ख्या हेडर स्पेसइतकी मोलाची वाटते, कारण ती गणिताचा नव्हे, माणसांच्या भिडेचा प्रश्न सोडवते. काढणाऱ्याला धाडस करावं लागत नाही. ठेवणाऱ्याला येऊन मागावं लागतं.

नियामकांचा रेटा आहे, पण तो दुसऱ्याच दिशेने. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस ठेवायला आणि घटना सहा तासांत कळवायला लावलं. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांनाही पायाभूत सायबर नियमांच्या चौकटीत आणलं. त्याआधी दोनच महिने पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले होते. हे हवंच होतं. पण खाली झिरपत येईपर्यंत त्याचं होतं काय, तर सहामाही रूल रिव्ह्यू नावाची सभा. पडद्यावर यादी, हिट काउंट शून्य असलेला नियम, कुणीतरी विचारतं, ‘हा कुणाचा?’ शांतता. ‘राहू दे, इयर एंडला लागत असेल.’

आमच्या त्या कचेरीतही शेवटी सगळं कोडमध्ये आणायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. एका शुक्रवारी मी स्क्रिप्ट चालवली, एक्सेलच्या ओळी उचलल्या, नीट फाइलींत मांडल्या आणि एकाच कमिटमध्ये ढकलल्या. संदेश लिहिला : ‘जुने नियम इंपोर्ट केले.’ रिमार्क्सचा रकाना अर्धा रिकामा आणि अर्धा ‘टेंप’, म्हणून तो घेतलाच नाही. तेव्हापासून कुठल्याही जुन्या नियमावर गिट ब्लेम केलं की तो कुणी, कधी टाकला याचं उत्तर क्षणात मिळतं. उत्तर नेहमी एकच येतं, माझं नाव आणि तो शुक्रवार. ती नोकरी सोडूनही आता बरेच दिवस झाले, पण अधूनमधून तिथल्या नव्या मुलांचा फोन येतो, ‘सर, हा दोनशे बारा नंबरचा रूल तुमचाच ना? काढू का?’

मी म्हणतो, आत्ता नको, जरा विचारून सांगतो.