अपूर्णांकांचे वाचन आणि पूर्णाचा उल्लेख

प्राथमिक शाळेत अपूर्णांक शिकविताना बहुधा एक वर्तुळ काढून त्याचे चार सारखे भाग पाडतात, त्यांतील तीन रंगवितात आणि मुलांकडून ‘तीन छेद चार’ असे वाचन करवून घेतात. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या वाचनावर आहे. ‘तीन छेद चार’ या शब्दसमूहात दोन पूर्ण संख्या व त्यांच्यामध्ये एक पारिभाषिक शब्द आहे. चार भाग कशाचे, हे सांगणारे पद त्यात नाही. ‘एक छेद आठ’ हे ‘एक छेद चार’हून मोठे, असे मूल म्हणू लागले तर तो त्याचा मंदपणा नव्हे. ऐकलेल्या शब्दांचा त्याने लावलेला तो सरळ अर्थ होय.

व्यवहारातील मराठी शब्दांची घडण याहून निराळी आहे. ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पावाने उणे. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, पावासह. ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’पासून आला, त्यात तिसरा एकक अर्धाच भरलेला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) पूर्णात भाग मिळविण्यास भागानुबंध व पूर्णातून भाग वजा करण्यास भागापवाह म्हटले आहे. ‘सव्वा’ हे पहिल्याचे व ‘पाऊण’ हे दुसऱ्याचे नित्याच्या बोलण्यातील उदाहरण मानता येईल.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, या शब्दांतील पूर्ण प्रसंगानुसार बदलते. ‘पावणेदोन’मध्ये उणा झालेला पाव एकाचा असतो. ‘पावणेदोनशे’मध्ये तो शंभराचा, म्हणून पंचवीस, ‘पावणेदोन हजार’मध्ये हजाराचा, म्हणून अडीचशे. संबंध तोच राहतो, राशी मात्र बदलते. अपूर्णांक ही स्वतंत्र वस्तू नसून पूर्णाशी असलेला संबंध आहे, हे मुलाला शिकवावयाचे तत्त्व येथे भाषेनेच सिद्ध करून ठेवले आहे. वर्गातील वर्तुळ मात्र नेहमी एकच असते. त्यामुळे पूर्ण बदलू शकते, ही शंकाही मुलाच्या मनात येत नाही.

तथापि बोलीच्या या साहाय्याला मर्यादा आहेत. पाव, अर्धा, पाऊण ही मालिका निमपटीवर उभी आहे. तिसऱ्या व पाचव्या भागासाठी ‘तृतीयांश’, ‘पंचमांश’ या संस्कृत शब्दांकडेच वळावे लागते. शिवाय सोळा आण्यांचा रुपया १९५७ मध्ये शंभर पैशांचा झाला आणि पंचवीस पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून गेले. ‘पाव’चा परिचय आता मुख्यतः वजनमापांत उरला आहे.

मग केवळ मातृभाषेच्या घडणीवर विसंबावे काय? कोरियन भाषेत तीन चतुर्थांशाचे वाचन ‘चार भागांपैकी तीन’ अशा क्रमाने होते. मिउरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कोरियन, क्रोएशियन व अमेरिकन मुलांची तुलना करून या रचनेचा लाभ कोरियन मुलांना होतो, असे मत मांडले. पाइक व मिक्स यांनी २००३ मध्ये या मताची फेरतपासणी केली. भागांचा स्पष्ट निर्देश करणारी शब्दयोजना इंग्रजी भाषेत वापरली असता अमेरिकन मुलांची उत्तरेही सुधारली. यावरून निर्णायक ठरते ती वर्गात वापरलेली शब्दयोजना, असे अनुमान निघते. आणि ती शिक्षकाच्या हाती आहे.

म्हणून आरंभी ‘एका पोळीच्या चार सारख्या भागांपैकी तीन’ असे संपूर्ण वाचन व्हावे. नंतर ‘पाऊण पोळी’, ‘पाऊण तास’, ‘पाऊणशे’ अशी उदाहरणे घेऊन प्रत्येक वेळी ‘पाऊण कशाचा?’ हा प्रश्न विचारावा. तृतीयांश व पंचमांश याच वाचनपद्धतीने शिकवावेत. ‘तीन छेद चार’ हा संक्षेप शेवटी यावा. वाचन लांबते, हा आक्षेप खरा आहे. परंतु जो संक्षेप मुलाला उलगडून सांगता येत नाही, त्याने वाचलेला वेळ पुढील इयत्तांत चुका दुरुस्त करण्यातच खर्ची पडतो.